साळुंकीच्या चोचीतली काडी

सागाच्या एका जंगलात एक सुतार पक्षी राहत असे. चोचीत कसब मोठे, पण स्वभाव फार भिडस्त. नवी ढोली कोरता कोरता त्याची मान अवघडून गेली होती. त्या ढोलीत त्याची बायको अंडी उबवत होती आणि दोन दिवसांत पिल्ले बाहेर येणार होती. दुखऱ्या मानेने किडे टिपणे काही जमेना. म्हणून आपली जुनी ढोली वीस नाकतोड्यांना विकायचे त्याने ठरवले.

सकाळीच एक साळुंकी आली. "वीस? अरे, वापरलेली ढोली ती! तोंड बघ केवढं अरुंद. दहा देते."

मुलांनो, तोंड अरुंद होते म्हणून तर घोरपड कधी आत शिरली नव्हती! पण सुताराला ते बोलवेना. "बरं, पंधरा द्या, मावशी," तो पुटपुटला.

साळुंकी आत शिरली आणि आतूनच ओरडली, "बाई बाई, केवढा हा अंधार! नि नुसता भुसा! आठ देते."

"बारा?"

साळुंकी रागारागाने उडून गेली. थोड्या वेळाने आली, आत डोकावली, आणखी दोन दोष काढून पुन्हा गेली. असे चार वेळा झाले. पाचव्यांदा येऊन ती गरजली, "पाच! द्यायची तर दे, नाहीतर राहिलं!"

पाच नाकतोड्यांत पिल्लांचा एक दिवसही निघाला नसता. तरी सुतार मान डोलावणार, इतक्यात त्याला साळुंकीच्या चोचीत गवताची काडी दिसली. त्याने ढोलीत डोकावून पाहिले. आत चार काड्या नीट अंथरलेल्या होत्या, वर एक मऊ पीसही होते!

सुताराला खुदकन हसू आले आणि हसण्याबरोबर भीडही पळाली. "मावशी, ढोली एवढी वाईट, मग हे अंथरूण कुणासाठी?"

"ते... ते आपलं सहजच!"

"वीस नाकतोडे," सुतार म्हणाला आणि शांतपणे, मान जपत खोडाची साल हलकेच टोचू लागला.

"अठरा!"

टक टक.

"एकोणीस! शिवाय माझ्यासारखी शेजारीण मिळेल तुला!"

टक टक टक.

साळुंकी पलीकडच्या झाडावर जाऊन बसली. तिने दोनदा मागे वळून पाहिले, पण कोणी हाक मारेना. अखेर ती माळावर चरणाऱ्या गुरांमागे धावली आणि ऊन उतरायच्या आत त्यांच्या पायांखालून उडणारे वीस नाकतोडे टिपून तिने सुतारापुढे ठेवले. "लुटलंस रे मला!" असे म्हणून ती ढोलीत शिरली, आणि लगेच आतून तिचे गाणे ऐकू येऊ लागले.

दोन दिवसांनी पिल्ले जन्मली. त्यांची पोटे भरलेली पाहून सुतारही त्या गाण्याला टक टक करून ताल देऊ लागला.

तात्पर्य : वस्तूला नावे ठेवूनही जो पुन्हा पुन्हा येतो, त्याला ती हवीच असते. अशा वेळी रास्त भाव सांगावा आणि शांत राहावे.