मावळतीची साक्ष

घंटेला हात लावू नका. दोर वर गुंडाळून ठेवलाय तो उगाच नाही. देवळात आलं की घंटा वाजवायची, ही सवय सगळ्यांनाच असते, तुमचा दोष नाही. पण आमच्या भैरीच्या देवळात ती दिवसातून एकदाच वाजवतात, मावळतीला. तीही रोज नाही. मिरगापासून दसऱ्यापर्यंत तर बहुतेक गप्पच. गावात नवी सून आली की पहिल्या पावसाळ्यात हमखास विचारते, "इथली घंटा फुटलीय का हो?" फुटलेली नाही. बसा पायरीवर, सांगतो. आणि ते घड्याळ बघणं बंद करा. एसटी सहाची आहे आणि ती आजवर कधी सहाला आलेली नाही.

किती पूर्वीची गोष्ट ते विचारू नका. माझ्या आज्याला त्याच्या आज्यानं सांगितली, आणि तोही "म्हणे" असंच म्हणायचा. समोरच्या डोंगरावर तेव्हा गड नांदता होता. गावात अंतोबा खोत म्हणेल ती पूर्व दिशा. देवाची पूजा आणि घंटा विसू गुरवाकडे. तेव्हा घड्याळं कुठली? विसूची घंटा वाजली की गुरं गोठ्यात यायची, शेतावरचा माणूस घराकडे वळायचा. वर धनगरवाड्यात धाकू झोरे राहायचा. तो रोज मावळतीला कड्याच्या वाटेनं दूध घेऊन उतरायचा, आणि पहिलं माप गुरवाच्या दारात घालायचा.

एका श्रावणात खोताचा पुतण्या जिवाजी कड्याखाली मरून पडलेला सापडला. गुराख्यांनी सांगितलं की कड्यावरून किंकाळी आली तेव्हा देवळाची घंटा वाजत होती. म्हणजे घंटेच्या वेळी जो कड्यावर होता, त्यानं ढकललं. जमिनीच्या वाटणीवरून जिवाजीचं आणि खोताच्या मुलाचं, राघोचं, कडाक्याचं भांडण होतं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. पण खोतानं बोट दाखवलं धाकूकडे. वाट त्याचीच ना. पुढचे दोन महिने धाकू खोताच्या कोठारात बांधून ठेवलेला होता. वर त्याची म्हातारी आई म्हशी सांभाळत बसली.

आश्विनात वाटा सुकल्या तेव्हा गडावरून हवालदार न्यायाला उतरला. याच देवळासमोर सभा बसली. धाकू एकच म्हणाला, "घंटा वाजली तेव्हा मी गुरवाच्या दारात दूध ओतत होतो. गुरवालाच विचारा."

आता विसूची गोष्ट सांगतो. माणूस वाईट नव्हता म्हणे, भित्रा होता. त्याचं घर ज्या जमिनीवर जगत होतं ती देवाची, पण ताबा खोताचा. आदल्या दिवशी खोत त्याच्याकडे येऊन पान खाऊन गेला होता. तेवढं पुरलं. विसूनं पायरीवर हात ठेवून सांगितलं, "मी दिवस मावळताना डोळ्यांनी पाहिला, मग घंटा वाजवली. माझं दार तिथून दिसतं. दारात कोणी नव्हतं. त्या दिवशी दूध आलंच नाही."

हवालदाराला वाटलं, काय नेमका साक्षीदार आहे. तो परगावचा, स्वच्छ उन्हात आलेला. पण गावाला माहीत होतं की त्या श्रावणात दहा दिवस सूर्य दिसलाच नव्हता. धुकं इतकं की देवळातून समोरचा डोंगर दिसेना. विसूनं त्या दिवशी घंटा वाजवली होती ती अंदाजानं. सभेत दीडशे माणसं होती. कोणीही म्हणालं नाही की बाबा रे, सूर्य कुठला? सगळे मान खाली घालून बसले. मला या गोष्टीत सगळ्यात जास्त राग येतो तो इथं. खोताचा नाही येत तेवढा. खोत शेवटी खोतच.

धाकूला कडेलोट ठरला. दुसऱ्या दिवशी, त्याच कड्यावरून, मावळतीची घंटा वाजली की.

त्या दुपारी विसू जेवायला बसला. त्याला भातावर दूध लागायचं. बायकोनं, आवडाईनं, नुसता भात वाढला. त्यानं वर पाहिलं तेव्हा ती म्हणाली, "दूध आणणारा आलाच नाही ना. तुम्हीच सांगितलंत." विसू पानावरून उठला.

संध्याकाळी सगळं गाव कड्यावर जमलं. धाकूचे हात मागे बांधलेले, पाय टोकाशी. त्याची आई तिथंच जमिनीवर बसून राहिली होती, रडतही नव्हती म्हणे. आभाळ धुतल्यासारखं स्वच्छ. सूर्य डोंगराला टेकला, निम्मा गेला, सगळा गेला. घंटा वाजेना. लोक एकमेकांकडे बघू लागले. दिसेनासं व्हायला लागलं तरी वाजेना. हवालदारानं शिपाई खाली पाठवला. विसू इथंच उभा होता, दोर हातात धरून. शिपाई म्हणाला, वाजव. विसूनं दोर सोडला आणि त्याच्या मागोमाग कडा चढला.

वर जाऊन तो हवालदारासमोर उभा राहिला. "आजचा सूर्य मी पाहिला," तो म्हणाला. "त्या दिवशीचा नव्हता पाहिला. कोणीच नव्हता पाहिला. पण माझा हात दोरावर होता तेव्हा हा माझ्या दारात दूध ओतत होता, ते मी पाहिलं. मग राघोला कड्याच्या वाटेनं चिखलानं भरलेला धावत येतानाही मी पाहिलं."

हवालदारानं गावाकडे वळून विचारलं, "त्या दिवशी सूर्य नव्हता, हे कोणाकोणाला ठाऊक होतं?" आवडाईनं हात वर केला. मग हळूहळू सगळ्यांनी केले. "मग काल का बोलला नाहीत?" वर गेलेले हात एकेक करून खाली आले.

राघोला गडावर नेलं, तो परत आला नाही. खोतानं गाव सोडलं. खोट्या साक्षीबद्दल विसूची जीभ कापायची असं हवालदारानं ठरवलं, तर धाकूच मध्ये पडला. हातांचे वळ चोळत म्हणाला, "जीभ कापलीत तर उद्या खरं कोण सांगेल? राहू द्या. पण आजपासून यानं सूर्य मावळताना पाहिल्याशिवाय घंटा वाजवायची नाही. आणि एकट्याच्या शब्दावर तर नाहीच. शेजारी मी उभा राहीन. मी मरेन तेव्हा माझा मुलगा."

तेव्हापासूनची ही रीत. देवळामागं सड्यावर, म्हणजे त्या उघड्या कातळावर, मावळतीला एक गुरव आणि एक झोरे उभे राहतात. गुरव म्हणतो, "पाहिला." झोरे म्हणतो, "मीही पाहिला." मग घंटा. ढग असला तर दोघं "नाही दिसला" म्हणतात आणि घरी जातात.

माझ्या लहानपणी सड्यावर पाय ठेवायला जागा नसायची. पावसाळ्यानंतर पहिल्यांदा आभाळ उघडलं की अख्खं गाव यायचं, बाया पोरं काखेला घेऊन. माझे वडील "पाहिला" म्हणायचे, झोऱ्यांचा म्हातारा "मीही" म्हणायचा, आणि चार महिन्यांनी ती घंटा वाजायची. आई डोळ्याला पदर लावायची. का, ते तेव्हा कळायचं नाही. आता कळतं. चाळीस घरांतली अकरा उघडी आहेत. झोऱ्यांतला भागू तेवढा उरलाय, माझ्याच वयाचा. त्याची मुलं पनवेलला.

तुम्ही मघापासून बघताय की आभाळ लख्ख आहे, मग दोर वर का. भागूच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकलाय. ऑपरेशन कर म्हटलं तर म्हणतो, म्हशींना कोण बघेल? दीड वर्ष झालं घंटा वाजून. नाही, तुम्ही पाहून चालणार नाही, ताई. तुमच्या पूर्वजाला कड्यावर उभं केलं नव्हतं.

खोटं कशाला बोलू, गेल्या दिवाळीत माझाही तोल गेला. बायको जाऊन वर्ष झालं होतं, आणि तिला ही घंटा फार आवडायची. मी भागूला म्हटलं, "अरे, मी पाहिलाय ना. तू नुसतं हो म्हण. इथं ऐकायला आहे कोण?"

तो माझ्या आवाजाकडे वळला. मग म्हणाला, "केशा, खोतसुद्धा विसूला असंच म्हणाला असेल."

मला लाज वाटली. सत्तर वर्षांच्या माणसाला वाटू नये इतकी वाटली.

आजही आम्ही दोघं रोज सड्यावर जातो. मी "पाहिला" म्हणतो. भागू मावळतीकडे तोंड करून डोळे ताणून बघतो, पार अंधार होईपर्यंत बघतो, आणि म्हणतो, "मला नाही दिसला रे." मग मी त्याचा हात धरतो आणि त्याला घरी पोचवून येतो.