राणबाच्या रथाचं चाक

फार जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की त्या राज्याचं नावही आता कुणाला सांगता येत नाही. तिथे नदीकाठच्या माळावर दर चैत्रात रथांच्या शर्यती होत. हे रथ लढाईचे नव्हेत. दोन घोडे, दोन चाकं, उभं राहायला एक माणूस, आणि सगळा डौल वेगाचा. ते घडवणारा सुतार एकच, राणबा. तो गेला आणि त्याची विद्याही त्याच्याबरोबर गेली. मग एकेक रथ मोडत गेला, नीट करणारं कुणी उरलं नाही, आणि माळावर गुरं चरू लागली.

त्या गावात कान्हदेव नावाचा म्हातारा सारथी होता. त्याचा रथ अजून पडवीत उभा होता, पण डाव्या चाकाचा तुंबा चिरला होता. तुंबा म्हणजे चाकाच्या मधला लाकडी गड्डा. सगळे आरे त्यातच रोवलेले असतात. तुंबा गेला की चाक गेलं. संध्याकाळी कान्हदेव रथापाशी बसे. मग त्याला जुने चैत्र आठवत: घोड्यांच्या घामाचा वास, वळणावर उभी राहिलेली माणसं, आणि त्या माणसांत हिरवं लुगडं नेसून उभी असलेली त्याची बायको. ती जाऊनही आता बराच काळ लोटला होता. मरण्याआधी एकदा लगाम धरून त्या वळणावरून जावं, एवढंच त्याला हवं होतं.

म्हणून तो तुंबा शोधायला निघाला. बाजार पाहिले, गावोगावच्या अडगळी धुंडाळल्या. एका घरी म्हातारी ज्यावर बसून तांदूळ निवडत होती, तो तुंबाच निघाला. म्हातारीने हसत तो देऊन टाकला. पण तो निघाला ओझ्याच्या गाडीचा. रथाला बसवला, तर रथ लंगड्या घोड्यासारखा एका अंगावर ओढू लागला.

शेवटी त्याने गावच्या म्हाळू सुताराला नवा तुंबा घडवायला सांगितलं. म्हाळूने जुन्याची मापं घेतली, चांगली बाभूळ निवडली, तुंबा हुबेहूब घडवला. पहिल्याच वळणावर तो फुटला. दुसरा घडवला, तोही फुटला.

म्हाळू म्हणाला, "बाहेरून मी सगळं उतरवलंय, पण खरी कारागिरी आत आहे. तुमचा डावा तुंबा आतून कुजलाय, त्यात काही दिसत नाही. उजवा धड आहे. तो फोडून बघू द्या."

कान्हदेवाला संताप आला. एक चाक गेलंच होतं, आता दुसरंही स्वतःच्या हाताने मोडायचं? तो तडक घरी गेला.

नदीपलीकडे हंबीर राहत असे. एके काळी कान्हदेवाचा कट्टर प्रतिस्पर्धी. राणबाने घडवलेला आणखी एक रथ त्याच्याकडे होता. फोडायचा तर हंबीरचा तुंबा का नको, असा विचार करून कान्हदेव नावेने पलीकडे गेला.

हंबीरने त्याला मिठीच मारली. दोघे दुपारभर जुन्या शर्यतींबद्दल बोलत बसले. कोण कुठे घसरलं, कुणाचा घोडा कसा बुजला, सगळं निघालं. मग कान्हदेवाने येण्याचं कारण सांगितलं. हंबीर उठला. त्याने कोठीचं दार उघडलं आणि रथावरची घोंगडी काढली. रथ जसाच्या तसा उभा होता. कान्हदेवाने कौतुकाने चाकावर हात ठेवला, आणि त्याचा अंगठा लाकडात रुतला. आतून माती गळाली.

"वाळवी, दोन्ही चाकांना," हंबीर म्हणाला. "म्हाळू माझ्याकडेही आला होता, फार वर्षांपूर्वी. एकदा उघडून बघू द्या म्हणाला. मी कोठीचं दारसुद्धा उघडलं नाही. वाटायचं, मी राखतोय म्हणून हा राहिलाय." मग तो म्हणाला, "आता राणबाचा धड तुंबा एकच उरलाय, कान्हा. तुझा."

परतताना नावेत कान्हदेव पाण्याकडे बघत बसला. काठाला लागताच तो घरी गेला, उजवं चाक काढलं आणि घरंगळत म्हाळूच्या दारात नेलं. घाव मात्र त्याला बघवेना. तो पाठ करून उभा राहिला. लाकूड फुटल्याचा आवाज आला, आणि त्याचे डोळे भरून आले.

"या, बघा," म्हाळूने हाक मारली. आत आऱ्यांची भोकं सरळ नव्हतीच. एक जरा पुढे कललेलं, दुसरं जरा मागे, अशी आळीपाळीने कोरलेली होती. वळणावरचा भार एका जागी न पडता सगळ्या आऱ्यांत वाटला जाई. म्हाळू बराच वेळ त्यांवरून बोट फिरवत राहिला.

ते पाहून घडवलेला त्याचा पहिला तुंबा बिघडला. पुढचे दोन जमले. चैत्रात कान्हदेवाने माळावर रथ काढला. हात पूर्वीसारखे घट्ट नव्हते, घोडेही दुसरे होते. पण वळण आलं तसा रथ पूर्वीसारखाच अलगद कलला आणि सावरला. वळणावर आता कुणीच उभं नव्हतं. तरी कान्हदेवाने त्या बाजूला एकदा मान वळवून पाहिलं.

त्यानंतर म्हाळूने पहिला रथ घडवला तो हंबीरसाठी. मग आसपासच्या गावांतले सुतार येऊन तो फोडलेला तुंबा पाहून गेले, आणि काही वर्षांत माळावर पुन्हा धुरळा उडू लागला. दोन्ही म्हातारे बांधावर बसून शर्यत बघत. एकदा रथ जवळून गेले तेव्हा चाकांचा एक बारीक, गोड गुणगुणाट कान्हदेवाच्या कानी आला. त्याने हंबीरला विचारलं, हा आवाज पूर्वीही यायचा का?

"यायचा," हंबीर म्हणाला. "तू नेहमी माझ्या पुढे असायचास, म्हणून मला ऐकू यायचा."

बोध: कुलूप घालून राखलेली विद्या वाळवीची होते, उघडून दाखवलेली विद्या पुढच्या पिढ्यांची होते.