माकडाची सायकल आणि करकोच्याची आई

बालमित्रांनो, एका मोठ्या तळ्यापासून बऱ्याच दूर, टेकडीपलीकडच्या एका जंगलात एक माकड राहत असे. साऱ्या जंगलात सायकल होती ती एकट्या त्याच्याकडे. माकड मोठे दिलदार. कोणीही हाक मारावी आणि त्याने सायकल काढावी. हँडल ते रोज घासूनपुसून लख्ख ठेवी. चेनकडे मात्र ढुंकून पाहत नसे. ओढ्याच्या चिखलातून, काठच्या वाळूतून सायकल दामटावी आणि चेन कुरकुरू लागली की वरूनच तेलाची धार सोडावी, हा त्याचा शिरस्ता.

त्याच्या शेजारी एक करकोचा राहत होता. पंख दुखावल्याने त्याला उडता येत नव्हते. तो एकदा म्हणाला, "माकडभाऊ, आधी फडक्यानं माती पूस, मग तेल घाल. तेलात वाळू कालवली की तिची कानस होते. कड्या आतून झिजतात."

माकड हसले. "अरे, लोखंड आहे ते! माझ्या नातवंडांनाही पुरेल."

हिवाळा सरला. एके सकाळी घारीने बातमी आणली की, तळ्यावरचा करकोच्यांचा थवा दुपारचा वारा सुटताच परदेशी निघणार. त्या थव्यात करकोच्याची आई होती. तो धावतच माकडाकडे आला. "आई फार थकली आहे रे. पुढच्या वर्षी एवढा पल्ला तिला झेपेल असं वाटत नाही. ती जाण्याआधी शेवटचं एकदा भेटव मला तिला."

"एवढंच ना? बस मागे!"

टेकडीची चढण लागली. माकडाने उभे राहून पायडल दाबले आणि कड्कन चेन तुटली. माकड तसेच घरी पळाले, खुंटीवरची नवी चेन घेऊन आले आणि घाईघाईने बसवली. पण झिजून सैल झालेल्या जुन्या चेनने चक्राचे दातेही खाल्ले होते. पायडल मारावे की नवी चेन दात्यांवरून निसटे. पुन्हा बसवावी, पुन्हा निसटे. ऊन डोक्यावर आले, तेव्हा माकडाने सायकल तिथेच टाकली, करकोच्याला पाठीवर घेतले आणि ते ऊर फुटेस्तोवर धावले.

तळे रिकामे होते. दूर आभाळात एक बारीकशी रेघ विरत चालली होती. काठावरचे बदक म्हणाले, "एक म्हातारी शेवटपर्यंत वाटेकडे डोळे लावून बसली होती. थव्यानं पुन्हा पुन्हा हाका मारल्या, तेव्हा कुठे उठली."

माकडाने मान खाली घातली. "मी तुझं ऐकायला हवं होतं."

 करकोचा हळूच म्हणाला, "चल, घरी जाऊ."

पुढच्या हिवाळ्यात थवा आला. आई आली नाही. माकडाने तोवर चक्र आणि चेन दोन्ही बदलली होती. आता ते दर फेरीनंतर चेन निगुतीने पुसते. "किती छान ठेवली आहेस सायकल!" असे कोणी म्हटले, की ते फडके उचलून चेन पुन्हा पुसू लागते.

तात्पर्य : वेळेवर न घेतलेल्या काळजीची भरपाई मागाहून जीव तोडून केलेल्या धावपळीने होत नाही.