ठिपकी मुंगी आणि घटाघटा पिणारी गाडी

एक होती गाडी. निळी निळी, जुनी जुनी.
गाडीला होती फट. फटीत राहायची मुंगी.
मुंगी एवढीशी. पेनाने टिंब द्यावं, तेवढीच.
म्हणून तिचं नाव ठिपकी.

गाडी होती आत्याची. चालवायचे आतोबा. आत्याचा नवरा, तो आतोबा.
आज गाडी निघाली बारशाला. आत्याच्या भावाला बाळ झालं होतं. गोल गोल, गुलाबी गुलाबी.
पण बाळाला नाव नव्हतं.

नाव कोण ठेवणार? आत्या.
कसं ठेवणार? बाळाच्या कानाशी जाणार आणि हळूच म्हणणार, "कुर्रर्र."
आत्या पोचलीच नाही तर? मग कुर्रर्र नाही. कुर्रर्र नाही, तर नाव नाही.

आत्याच्या मांडीवर डबा. डब्यात पेढे.
ठिपकीने फटीतून वास घेतला. हुंऽऽऽ.
"एक कण मला," ठिपकी म्हणाली.
"देईन हो. पण बाळाचं नाव ठेवल्यावर. त्याआधी डबा उघडायचा नाही," आत्या म्हणाली.

गाडी चालली. घर्र घर्र, थबक थबक. घर्र घर्र, थबक थबक.
करंजाच्या झाडापाशी आली. तिथे होती भागाबाईंची रसवंती. उसाचा रस, घुंगरांचा आवाज. छुम छुम छुम.
आणि गाडी म्हणाली, ढुक. ढुक. फुस्स.
थांबली.

"काटा बघा," आत्या म्हणाली. "आठवड्याचं पेट्रोल अर्ध्या रस्त्यात संपलं. वाटीभर उरलंय. फार पिते हो ही गाडी. मी सकाळीच म्हटलं होतं."
"काही पीत नाही. गाडी ठणठणीत आहे," आतोबा म्हणाले.
आत्या रुसली. तोंड या खिडकीकडे.
आतोबा रुसले. तोंड त्या खिडकीकडे.

ट्रिंग ट्रिंग. फोनवर बाळाची आई.
"ताई, कुठे आलात? पाळणा सजला. घुगऱ्या शिजल्या. जास्त झाल्या का हो?"
घुगऱ्या म्हणजे उकडलेले हरभरे. बारशाला सगळ्यांना मूठ मूठ देतात.

ठिपकीने विचार केला. गाडी नाही, तर नाव नाही. नाव नाही, तर पेढा नाही.
असं कसं चालेल? कोणीतरी विचारायला हवं.
मोठी माणसं तर खिडकीकडे बघत बसली. मग ठिपकीच निघाली.

तुरुतुरु तुरुतुरु, टाकीपाशी.
"टाकीकाकू टाकीकाकू, पेट्रोल दे ना.
गाडी पुढे जात नाही,
बाळाला नाव नाही,
आणि मला पेढा नाही."
टाकी म्हणाली, "मी नाही जा. वाटीभर तर उरलंय. दिलं की इंजिन घटाघटा पिऊन टाकतं. आधी त्याला सांग, घोटघोट पी."

तुरुतुरु तुरुतुरु, इंजिनापाशी. इंजिन गरम गरम. उई उई, पाय भाजले. सहाच्या सहा.
"इंजिनदादा इंजिनदादा, घोटघोट पी ना.
टाकी पेट्रोल देत नाही,
गाडी पुढे जात नाही,
बाळाला नाव नाही,
आणि मला पेढा नाही."
इंजिन म्हणालं, "मी नाही जा. हाऽ हाऽ, मला लागली धाप. चाक फिरतं जड जड. ओढून ओढून तहान लागते. आधी चाकाला सांग, गरगर फिर."

तुरुतुरु तुरुतुरु, चाकापाशी.
"चाकमामा चाकमामा, गरगर फिर ना.
इंजिन घोटघोट पीत नाही,
टाकी पेट्रोल देत नाही,
गाडी पुढे जात नाही,
बाळाला नाव नाही,
आणि मला पेढा नाही."
चाक म्हणालं, "मी नाही जा. माझं पोट बघ, कसं बसलंय. थबक. आत हवाच नाही. आधी पंपाला सांग, फुसफुस हवा भर."

पंप कुठे? पंप मागे. डिकीत. अगदी तळाशी.
ठिपकी कुलपाच्या भोकातून आत शिरली. आत काळोख. बाई गं.
तुरुतुरु... तुरु... तुरु...
"पंपभाऊ पंपभाऊ, फुसफुस हवा भर ना.
चाक गरगर फिरत नाही,
इंजिन घोटघोट पीत नाही,
टाकी पेट्रोल देत नाही,
गाडी पुढे जात नाही,
बाळाला नाव नाही,
आणि मला पेढा नाही."
पंप म्हणाला, "मी नाही जा. मी तर चेपलोय. अंगावर केवढं ओझं. आधी डिकीला सांग, रिकामी हो."

डिकी तिथेच होती. चारी बाजूंनी होती.
"डिकीमावशी डिकीमावशी, रिकामी हो ना.
पंप हवा भरत नाही,
चाक गरगर फिरत नाही,
इंजिन घोटघोट पीत नाही,
टाकी पेट्रोल देत नाही,
गाडी पुढे जात नाही,
बाळाला नाव नाही,
आणि मला पेढा नाही."
डिकी म्हणाली, "मी नाही जा. पोटात काय काय आहे ते बघ. वरवंटा आहे. पाटा आहे. उखळ आहे. जातं आहे. सगळं दगडाचं. माझी मी कशी रिकामी होऊ? आधी आतोबांना सांग, सामान काढा."

ट्रिंग ट्रिंग. पुन्हा बाळाची आई.
"ताई, निघालात ना? घुगऱ्या आता कमी वाटतायत. अजून भिजवू का? पण आत्ता भिजवून काय होणार, नाही का?"

तुरुतुरु तुरुतुरु, आतोबांपाशी.
"आतोबा आतोबा, सामान काढा ना.
डिकी रिकामी होत नाही,
पंप हवा भरत नाही,
चाक गरगर फिरत नाही,
इंजिन घोटघोट पीत नाही,
टाकी पेट्रोल देत नाही,
गाडी पुढे जात नाही,
बाळाला नाव नाही,
आणि मला पेढा नाही."
आतोबा म्हणाले, "मी नाही जा. बारशाला वरवंटा लागतो. त्याला टोपरं घालतात, बाळाच्या आधी पाळण्यात निजवतात. बाळाच्या घरी तर नुसता मिक्सर. मिक्सरला कोण टोपरं घालतं? म्हणून वरवंटा घेतला. मग वाटलं, पाटा लागला तर? उखळ लागलं तर? जातं लागलं तर? घेतलं सगळं. आता काय काढू, ते आत्याने सांगावं. आधी तिला सांग, बोल."

तुरुतुरु तुरुतुरु, आत्यापाशी. डब्यावर चढली. हुंऽऽऽ. नाही, नाही. आधी काम.
"आत्या आत्या, बोल ना.
आतोबा सामान काढत नाहीत,
डिकी रिकामी होत नाही,
पंप हवा भरत नाही,
चाक गरगर फिरत नाही,
इंजिन घोटघोट पीत नाही,
टाकी पेट्रोल देत नाही,
गाडी पुढे जात नाही,
बाळाला नाव नाही,
आणि मला पेढा नाही."
आत्या म्हणाली, "मी नाही जा. मी म्हटलं, गाडी पिते. हे म्हणाले, ठणठणीत आहे. मी रुसलेय. आधी यांना सांग, हसा."

पुन्हा आतोबा. आता मोठा श्वास घ्या. यादी लांब आहे.
"आतोबा आतोबा, हसा ना.
आत्या बोलत नाही,
आतोबा सामान काढत नाहीत,
डिकी रिकामी होत नाही,
पंप हवा भरत नाही,
चाक गरगर फिरत नाही,
इंजिन घोटघोट पीत नाही,
टाकी पेट्रोल देत नाही,
गाडी पुढे जात नाही,
बाळाला नाव नाही,
आणि मला पेढा नाही."
आतोबा म्हणाले, "हसू आलं तर हसेन ना. नाही येत, तर कुठून आणू?"

ठिपकी मटकन खाली बसली. सहा पाय, सहाही दुखले.

ट्रिंग ट्रिंग. बाळाची आई. आता घुगऱ्यांचं काहीच बोलली नाही.
"ताई, बाळ जागं झालंय. रडतंय. बाळा म्हणून हाक मारली, तर शेजारचं बाळ बघतं, मावशीचं बाळ बघतं. आमचं बघतच नाही. नाव नाही ना त्याला. तुम्ही येताय ना?"
फोनमधून आवाज आला. ट्यँऽऽ ट्यँऽऽ.

आत्याने डबा घट्ट धरला.
ठिपकी उठली.

चढली आतोबांच्या बुटावर.
तुरुतुरु गुडघ्यावर.
तुरुतुरु पोटावर. पोट मोठं. बराच वेळ लागला.
तुरुतुरु खांद्यावर.
तुरुतुरु कानाशी.
आणि कानात हळूच म्हणाली,

"कुर्रर्र."

आतोबा म्हणाले, "ही."
ठिपकी म्हणाली, "कुर्रर्र, कुर्रर्र."
आतोबा म्हणाले, "ही ही. खी खी खी. हो हो हो हो. अगं, कोणीतरी माझंच बारसं करतंय."

आतोबा हसले, तशी आत्या हसली. फिस्स. रुसवा गेला खिडकीतून.
आत्या बोलली. "अहो, वरवंटा तेवढा ठेवा. जात्याला काय टोपरं घालणार आहात?"

आत्या बोलली, तसं आतोबांनी सामान काढलं. पाटा, धप्प. उखळ, धप्प. जातं, धप्प धप्प.
भागाबाई म्हणाल्या, "राहू द्या इथे झाडाखाली. एवढे धोंडे पळवतंय कोण?"

सामान काढलं, तशी डिकी रिकामी झाली. हुश्श.
डिकी रिकामी झाली, तसा पंप उठला. आतोबांनी पायाने दाबला. फुसफुस फुसफुस, हवा भरली. एक चाक, दोन चाकं, तीन चाकं, चार.
हवा भरली, तसं चाक फिरलं गरगर.
चाक फिरलं, तसं इंजिन प्यायलं घोटघोट.
इंजिन घोटघोट प्यायलं, तसं टाकीने पेट्रोल दिलं. थेंब थेंब, थेंब थेंब.
आणि गाडी निघाली.
घर्र घर्र, गरगर. घर्र घर्र, गरगर.
भागाबाई मागे राहिल्या. करंज मागे राहिला. एक सायकल मागे राहिली. दोन बदकं मागे राहिली.

दारात बाळाची आई उभी होती. एक पाय घरात, एक पाय अंगणात.
"आलात," ती म्हणाली. बाकी सगळं विसरली.
वाटीतलं चमचाभर पेट्रोल अजून शिल्लक होतं.

वरवंट्याला टोपरं घातलं. वरवंटा पाळण्यात निजला. बिलकूल रडला नाही.
मग बाळ पाळण्यात आलं. ट्यँऽऽ ट्यँऽऽ.
आत्या वाकली. कानाशी गेली. हळूच म्हणाली,

"कुर्रर्र. जुई."

बाळ थांबलं.
"जुई," आई म्हणाली. मग पुन्हा म्हणाली, "जुई." कसं वाटतं ते बघत होती. छान वाटलं.
आणि जुईने बघितलं. थेट आईकडे.

मग डबा उघडला. टक्.
आत्याने पहिला पेढा मोडला. एक कण काढला. बाहेर गेली आणि गाडीच्या फटीपाशी ठेवला. कण कसला, ठिपकीच्या डोक्याएवढा. नाही, तिच्या पोटाएवढा. नाही, सगळ्या ठिपकीएवढा.
"तुझा गं," आत्या म्हणाली.
"गाडी ठणठणीतच होती," आतोबा म्हणाले.
"हो तर. नुसते दगड खाऊन पाणी पाणी करत होती," आत्या म्हणाली. आणि दोघं हसली.

घुगऱ्या? बरोब्बर पुरल्या. तरी जुईच्या आईने पातेल्यात दोनदा डोकावून बघितलं.

ठिपकीने पेढा डोक्यावर घेतला.
तुरुतुरु तुरुतुरु, फटीत गेली.
मम् मम् मम्.
पेढा पोटात, ठिपकी घरात, जुई पाळण्यात.
आणि तू? ये इकडे, कान दे बघू.
कुर्रर्र.