चिखलाचा एकच गोळा

“बाबा, बांधाच्या आतल्या बाजूला पाणी कसं?”

करंगळीएवढी धार होती. 

हाशाबाबा वाकले. आमच्या मिठागर सोसायटीचे बांध पन्नास वर्षं राखलेला माणूस. मी त्याच सोसायटीची दोन महिन्यांची सेक्रेटरी.

“खेकड्यांनी पोखरलाय. खालच्या आगराचा बांधही असाच झालाय, सकाळी बघितला. आणि दुपारी उधाण.”

“मग काय करायचं?”

“सेक्रेटरी तू. मला काय विचारतेस गो?”

आम्ही उभे होतो त्या वरच्या आगरात वर्षाचं मीठ तयार होतं. खाडीचं पाणी शिरलं की विरघळलंच. खालच्या आगरात नव्या पद्धतीनं मीठ पिकवायचा माझा प्रयोग. त्यासाठी मी अख्ख्या सोसायटीशी भांडले होते.

दूर, दोन्ही बांधांच्या मधोमध, धर्मादादा आणि त्याचे सात गडी फावडी घेऊन थांबले होते.

मी ओरडले, “धर्मादादा, चौघं वर या, चौघं खाली जा, मग जिकडं जास्त गळेल तिकडं सगळे…”

कुणी हललं नाही.

“दोन्ही वाचवाऽऽ!”

दोघं वर निघाले, दोघं खाली. थबकले. परत आले.

“वारा आहे ना, ऐकूच जात नाही त्यांना.”

“वाऱ्याला कशाला बोल लावतेस? तुझं तुला तरी ऐकू गेलं का?”



पायाशी आता दुसरी धार फुटली होती. बाबांनी चिखलाचा गोळा माझ्या हातात ठेवला.

“बुजव.”

मी त्याचे दोन केले. दोन्ही वाहून गेले.

त्यांनी पुन्हा गोळा दिला. तेवढाच.

“आणखी एक द्या ना, बाबा.”

“एवढाच आहे.”

मी हातातल्या चिखलाकडे बघत राहिले… मग अख्खा गोळा एकाच भोकात दाबला. टिकला. दुसरं शेजारी खुशाल वाहत होतं. वाहू दिलं.

उठले. दोन्ही हात तोंडाशी धरले.

“धर्मादादाऽऽ! खालचा सोडाऽऽ!”



आणि मग आठही गळे एकदम, “होऽऽऽ!”

आठही फावडी आमच्या दिशेनं धावत सुटली. मला हसू आवरेना.

“बाबा… जमेल ना?”

बाबांनी त्या दुसऱ्या धारेत सावकाश हात धुतले.

“आता भिण्याची पाळी उधाणाची.”