राजाची चूल पेटेना

राजा वज्रसेनाची चूल तीन दिवस पेटली नाही. मुदपाकखान्यात नुसता धूर! आचारी खोकून खोकून लाल झाले, आणि ज्याच्या नावानं सात डोंगरांवरचे लोक कापत, तो राजा तीन दिवस भिजवलेले पोहे खाऊन बसला.

चौथ्या दिवशी तो भडकला. "माझ्याच राज्यात माझी चूल पेटत नाही? कोणाचा हा अपराध?"

दिवाण नरसोपंत पुढे आले. स्वतःची चूक दुसऱ्याच्या गळ्यात घालणं, एवढं एकच काम त्यांना नीट येत असे.

"महाराज, चूल पेटवायला सालईच्या झाडाचं राळ भरलेलं लाकूड लागतं. मी शंभर सालई तोडून आणवल्या. पण त्यातली राळ लोकांनी आधीच पळवली! हा बघा चोर!"

शिपायांनी धुळबा लाकूडतोड्याला पुढे ढकललं. त्याच्या डोक्यावर ढलप्यांची मोळी होती. एवढाच पुरावा.

"संध्याकाळच्या आत याला राज्याबाहेर हाकला!" राजा म्हणाला.

"थांबा महाराज!" गर्दी बाजूला सारत धुळबाची मुलगी गोजरा पुढे आली. "माझा बाप चोर नाही. दिवाणसाहेबांनी जिवंत झाडं तोडली. जिवंत झाडाच्या अंगात पाणी असतं. ते कसं पेटेल?"

"मग राळ असते कुठं?" राजानं विचारलं.

"मेलेल्या बुंध्यात. झाडाला घाव बसला की ते जखमेवर राळ धरतं. पुढं झाड मरतं, वाळवी बाकीचं खाते आणि राळ मुरलेलं तेवढं सोडते. आम्ही ते हुंगून ओळखतो आणि तेवढंच आणतो."

"हुंगून!" दरबार हसला. नरसोपंतांनी नाकाला उपरणं लावलं. "राजाच्या चुलीत वाळवीचं उष्टं घालायचं काय?"

"उष्टं नको तर पोहे भिजवा, दिवाणसाहेब!"

"गोजरे, गप बस गं!" धुळबानं कपाळाला हात लावला.

राजा हट्टी होता. एकदा दिलेली शिक्षा मागे घ्यायची म्हणजे त्याच्या पोटात दुखे. तो म्हणाला, "फार कळतं ना तुला? मग माझी आंघोळ होईपर्यंत माझी चूल पेटव. ही मोळी चोरीची, तिला हात लावायचा नाही. बाहेरून एक काडी आणायची नाही. तेल नाही, तूप नाही, चिंधी नाही, गवत नाही. पेटली तर बाप सुटला. नाही पेटली तर त्याच्याबरोबर तूही राज्याबाहेर!"

"वाड्यातलं लाकूड चालेल ना, महाराज?"

"चालेल."

"कुठलंही?"

"कुठलंही म्हणजे कुठलंही! राजाचा शब्द आहे!"

राजा न्हाणीघरात गेला. चूल बंद, म्हणून पाणी थंड. तो फार वेळ आत राहणार नव्हता.

गोजरानं बापाची कुऱ्हाड उचलली आणि वाडा हुंगायला सुरुवात केली. दार हुंगलं, सागवान. खांब हुंगला, शिसव. मागून सरदार नाकं फेंदारून तिची नक्कल करत चालले होते. न्हाणीघरातून "हुडहुड" ऐकू आलं. धुळबाचा जीव टांगणीला लागला.

फिरून ती दरबारात आली, सिंहासनापाशी वाकली आणि हसली. मग कुऱ्हाड उचलून सिंहासनाच्या पायावर खाडकन घाव घातला!

"अगं ए!" नरसोपंत किंचाळले. "चंदनाचं सिंहासन आहे ते! बारा वर्षांपूर्वी मी स्वतः पारखून घेतलंय!"

"दिवाणसाहेब, जन्मात कधी चूल पेटवलीत?"

"मी? छे! कधीच नाही!"

"दिसतंच आहे!"

हातभर ढलपी घेऊन ती धावली. देवघरातल्या नंदादीपावर तिनं ढलपी धरली मात्र, भपकन ज्वाळा उठली! राळ चरचरत थेंब थेंब गळू लागली. गोजरानं ती ओल्या लाकडांखाली सरकवली, तिच्याजोडीला आणखी दोन चिरफाळ्या घातल्या. ओली लाकडं रडली, फुसफुसली आणि शेवटी मुकाट्यानं पेटली.

राजा कुडकुडत बाहेर आला तेव्हा भात रटरटत होता. त्यानं तीनदा वाढून घेऊन गरम भात खाल्ला. मग मिशीवर हात फिरवत दरबारात आला, सिंहासनावर बसला आणि सिंहासनासकट डावीकडे कलंडला!

"कोणी तोडलं हे?"

"आपल्या शब्दानं, महाराज," गोजरा म्हणाली. "हे चंदन नाही, सालईचा जुना बुंधा आहे. राळेनं गच्च भरलेला. दरबारात बसणाऱ्या कोणी कधी चूल पेटवली नाही, म्हणून वास कोणाला कळला नाही."

राजानं तुटलेला पाय हुंगला. मग मुदपाकखान्यातून येणारा चुलीचा धूर हुंगला. दोन्ही एकच! "म्हणजे बारा वर्षं मी पेटवणावर बसलोय?"

"म्हणून तर एवढ्याशा ठिणगीनं भडकता, महाराज!"

राजाची मिशी थरथरली. मग त्याच्या पोटातून हसू उसळलं, आणि तो खरंच हसतोय याची खात्री करून घेऊन सरदारही हसले.

"धुळबाला सोडा! मेलेले बुंधे आजपासून सगळ्यांना मोकळे! नरसोपंत, उद्यापासून वर्षभर माझी चूल तुम्ही पेटवायची. फुंकून! आणि पोरी, तू बक्षीस माग."

"सिंहासनाचे उरलेले पाय द्या, महाराज. आमची चूल दोन पावसाळे पेटेल. आणि आपलं सिंहासनही सरळ बसेल!"

राजाच्या डोळ्यांत हसून हसून पाणी आलं. चौथाही पाय तुटला तेव्हा सिंहासन जमिनीला टेकलं. राजा त्यावर मांडी घालून बसला आणि समोर उभ्या असलेल्या धुळबाकडे पहिल्यांदाच मान वर करून पाहत म्हणाला, "बाबा रे, मोळी घट्ट बांध! अन् दिवाणजींनी आणखी कायकाय चंदनाचं करून ठेवलंय, तेही जाता जाता हुंगून जा!"