निखळलेल्या दगडाची पाहणी

विषय : ग्रीसमधील पेत्रोखोरी या डोंगरगावी शेताच्या बांधाचा पायाचा दगड निखळल्याबाबत.
अर्जदार : बांधावरचा म्हातारा अक्रोड.

ही फार मागची गोष्ट. तिथली जवाची शेतं उतारावर पायऱ्यांसारखी होती आणि बांध नुसते दगडावर दगड रचून उभे होते. निखळलेला दगड ज्याला आधी दिसेल त्यानेच तो बसवायचा, असा रिवाज होता. म्हणून गावात सगळे मान वर करून चालत.

अक्रोडाला दगड दिसला होता, पण जागचं हलता येत नव्हतं. मुळांखालची माती सरकू लागली.

"खेचरदादा, पडेन हो मी! जरा खाली बघा."

"बघितलं तर बसवावा लागेल," खेचरदादा आभाळाकडे बघत म्हणाले. "शेळीबाईंना विचार. त्यांची नजर तेज."

"मला मेलीला कुठलं दिसतंय!" म्हणत शेळीबाईंनी समोरच्या कड्यावरचा कोवळा पाला अचूक हेरला.

शेवटी अक्रोडाने गावच्या मुख्य बोकडाकडे अर्ज केला. "प्रत्यक्ष पाहणी करून सादर करावे," असा शेरा पडला. पाहणीला कोणी जाईना.

हिवाळी पावसात बांध फुटला. अक्रोड आणि खालची तीन शेतं दरीत गेली.

पाहणीअभावी अर्ज प्रलंबित आहे.